तीन बार आणि सोळाशे बार

नागपूरच्या सदरमध्ये गाडी घरी दुरुस्त करायची म्हटलं की आधी विचारावं लागतं, कोणाच्या घरी? रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्ल्यांतले अंगणाचे बंगले बरेचसे गेले. त्यांच्या जागी फ्लॅटच्या इमारती आल्या आणि अंगणाचं काम खांबांमधल्या सामाईक पार्किंगकडे गेलं. तिथे गाडीला खेटून दुसऱ्याची स्कूटर असते, भिंतीवर विजेची मीटरं असतात, टाकीत पाणी चढवणारी मोटर असते आणि वर माणसं राहतात. त्या वरच्यांपैकी मी एक.

त्यामुळे खाली रंगलेला वाद मी नुसता ऐकला नाही, मध्येमध्ये तोंडही घातलं. वाद मामा आणि भाचीचा. मामा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. भाचीनं मंगळवारी बाजाराजवळच्या शासकीय तंत्रनिकेतनातून, म्हणजे सदरमधूनच, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला. आता ती एका वर्कशॉपमध्ये गाडीतला दोष शोधायचं काम करते. गाडी मामांची, पेट्रोलची, चार सिलिंडरची. उभी असताना थरथरते, मिसिंग करते, चेक इंजिनचा पिवळा दिवा जळतो, ॲव्हरेज पडलं आहे. एका गॅरेजमध्ये दाखवली तर बॉनेटमध्ये फारसं न डोकावताच त्यांनी सांगितलं, चारही इंजेक्टर बदला. मामांनी ठरवलं की बदलायचा तर एकच, आणि तो आपणच, इथेच.

मामा : दोन बोल्ट, चार कनेक्टर, एक पाइप. एवढ्यासाठी गाडी दुसऱ्याच्या हवाली काऊन करू मी? जिंदगीभर शतांश मिलिमीटरमध्ये काम केलं बेटा.

भाची : मामाजी, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. इंजेक्टर खराब आहे याबद्दल आहे. ते कोणी ठरवलं?

मामा : गॅरेजवाल्यानं. स्कॅनर लावला त्यानं, तिसरं सिलिंडर म्हणे.

भाची : कोड कोणता आला? पी ०३०३ की पी ०२०३?

मामा : झिरो थ्री झिरो थ्री. लिहून आणला मी.

भाची : मग त्याचा अर्थ एवढाच, की तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळून नाही राहिलं. काऊन, ते तो कोड सांगत नाही. प्लग असू शकते, इग्निशन कॉइल असू शकते, कॉम्प्रेशन गेलं असू शकते, इनटेकमधून कुठून हवा चोरून येत असेल. इंजेक्टरही असू शकते. पी ०२०३ आला असता तर निदान इंजेक्टरच्या विजेच्या सर्किटवर बोट ठेवता आलं असतं. तुमच्या गॅरेजवाल्यानं तक्रार ऐकली आणि नाडी न पाहताच औषध लिहून दिलं.

मामा : मंग, मी तेच तर म्हणून राहिलो! जो पाहतच नाही त्याच्याकडे नेऊ कशाला?

मामांच्या या रागात तथ्य आहे. कार्ब्युरेटर होता तोवर हवा-पेट्रोलचं प्रमाण एका स्क्रूवर असे, आणि चांगला मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकत तो स्क्रू फिरवी. मालक शेजारी उभा राहून ते पाहू शके. २०००च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक झाले, मारुती ८००सुद्धा एमपीएफआय झाली, आणि किती पेट्रोल सोडायचं हे एक बंद डबी ठरवू लागली. मालकाचं पाहणं तिथे संपलं. पुष्कळशा मेकॅनिकांचंही संपलं, कारण कंपन्यांनी स्कॅनर, माहिती आणि सुटे भाग आपल्याच दुकानांत ठेवले. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना याच कारणासाठी मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या कारागिरांनाही मिळाली पाहिजेत, असं आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या ती गोष्ट वेगळी. स्वतःच्या गाडीत काय बिघडलं हे जाणून घ्यायचा मालकाचा हक्क मी मामांइतकाच मानतो. भाचीही मानते. तिचं भांडण पुढच्या पायरीशी आहे.

भाची : इंजेक्टर म्हणजे वीज लागली की उघडणारी बारीक तोटी. तिच्या मागे रेलमध्ये, म्हणजे चौघांच्या सामाईक नळीत, पेट्रोल तीन-साडेतीन बार दाबानं उभं असते. कॉम्प्युटर म्हणते उघड, की ती उघडते. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एकेक इंजेक्टर ४०० वेळा उघडते, दर वेळी दोन-तीन मिलिसेकंद. आता फिटर म्हणून सांगा, यात बिघडण्यासारखं काय काय आहे?

मामा : आतली कॉइल जळू शकते. सुई अडकू शकते. कनेक्टरपर्यंत वीजच पोहोचत नसेल. आणि तोंडाशी मळ बसू शकते.

भाची : पहिल्या तीन गोष्टी पाहायला पेट्रोलचा पाइप उघडावाच लागत नाही. त्या इथेच करा, आज करा, मी बसते सोबत.

आणि ती खरंच बसली. आधी तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, प्लगही अदलाबदल केले. कॉइल किंवा प्लग दोषी असता तर कोड ०३०३ वरून ०३०२ वर सरकला असता. सरकला नाही. मग गाडी बंद करून इंजेक्टरची कनेक्टरं काढली आणि मल्टिमीटरनं चौघांचा रोध मोजला. अशा इंजेक्टरचा तो साधारण १२ ते १६ ओहम असतो. चौघेही तेवढेच निघाले, म्हणजे आतली कॉइल शाबूत. कनेक्टरमध्ये छोटा तपासणी दिवा बसवून इंजिन फिरवलं तर तो लुकलुकला, म्हणजे कॉम्प्युटरचा हुकूम तिथवर पोहोचतो आहे. शेवटी सगळं जोडून इंजिन चालू ठेवलं, मामांनी लांब पेचकसचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाशी नेली. तिघांची टिकटिक खणखणीत. तिसऱ्याची होती, पण दबलेली.

या सगळ्यात पेट्रोलचा एक थेंब सांडला नाही, खर्च जवळजवळ शून्य, आणि चार इंजेक्टरांचा संशय एकावर आला. माझ्या मते घरच्या दुरुस्तीची खरी कमाई इथेच आहे, पाने हातात घेण्याच्या आधीच्या या तपासणीत. ती कोणालाही जमण्यासारखी आहे. एप्रिल २०१३ पासूनच्या मोटारींना निदानाचं सॉकेट असतंच आणि त्यात बसणारा साधा स्कॅनर आता फार महाग राहिलेला नाही.

मामा : आता मानलं? तिसराच आहे. उद्या नवीन आणतो आणि लावतो.

भाची : संशय मानला. गुन्हा नाही. त्याच्या तोंडाशी नुसता मळ असेल तर तो साफ होऊ शकते. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुऊन चौघांना एका स्टँडवर लावतात, समोर काचेच्या नळ्या असतात, कोण किती सोडते आणि बंद असताना कोण ठिबकते ते डोळ्यांनी दिसते. धुतल्यावरही तो बाकीच्यांच्या बरोबरीला आला नाही तरच नवा घ्यायचा.

मामा : त्याच्यासाठी काढावे तर लागतीलच ना? काढतो मी.

भाची : काढा. पण इथे नाही.

इथून वाद खरा पेटला. मामांना तो आपल्या कसबावरचा अविश्वास वाटला. फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या कवचांवर हात चालवलेल्या माणसाला भाची पेट्रोलची भीती दाखवते, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मामा : भीती नको बेटा, शिस्त पाहिजे. इंजिन थंड असताना करणार. पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करणार, रेलमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडंल, अजून दोन-चार वेळा सेल्फ मारणार. मंग बॅटरीचं निगेटिव्ह काढणार. दाब गेला की राहिलं काय?

भाची : दाब गेला तरी पेट्रोल राहते. रेल उचलली की थोडं सांडतेच. समजा कपभर सांडलं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड टक्का झाली की पेटायला तयार. कपभर पेट्रोल पूर्ण उडालं तर घनमीटरभर हवा तशी होऊ शकते, आणि गाडीच्या पोटाखाली जागा तेवढीच असते. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते. ती पाहा पाण्याची मोटर. ऑटोमॅटिक आहे, टाकी रिकामी झाली की आपोआप सुरू होते. तुम्ही तिला विचारून सुरू करणार आहात का?

मामांनी मोटरकडे पाहिलं. मी जोडलं की तळमजल्याच्या खिडकीत डेझर्ट कूलर आहे, त्याचा पंप आणि पंखा या दिवसांत सकाळी दहापासून रात्रीपर्यंत चालतो. आणि दोन इलेक्ट्रिक स्कूटर इथेच चार्जिंगला लागतात.

मामा : मंग रस्त्यावरचा गॅरेजवाला काय करते? त्याच्याकडे कोणती प्रयोगशाळा आहे? फूटपाथवर बसून रेल उचलते.

भाची : खरं आहे. आणि वाफेच्या हिशेबानं त्याचा फूटपाथ तुमच्या पार्किंगपेक्षा चांगला, कारण तो उघडा आहे. मी वर्कशॉपची जाहिरात करून नाही राहिली. तुम्ही उघड्यावर करत असाल तर मी पाने देते हातात. पण इथे वर आठ घरं आहेत. तुमची गाडी, तुमचा हक्क, कबूल. ही हवा तुमच्या एकट्याची नाही.

या वाक्यावर मी पूर्णपणे भाचीच्या बाजूला गेलो, आणि केवळ वर राहतो म्हणून नाही. नागपूरकरांना विसर पडतो की पेट्रोलच्या सुरक्षेचं देशाचं मुख्य कार्यालय, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, आपल्या शेजारी सेमिनरी हिल्सवर आहे. २३ अंशांच्या खाली ज्याची वाफ पेट घेऊ शकते ते पेट्रोलियम कायद्याच्या लेखी सर्वांत धोक्याच्या, म्हणजे ‘अ’ वर्गात मोडतं. आपलं पेट्रोल शून्याच्याही खाली चाळीसेक अंशांवर ते करू शकतं. नागपूरच्या मे महिन्याची गोष्टच सोडा. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानं विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतचं पेट्रोल विनापरवाना ठेवायची मुभा दिली आहे. पण भांडं घट्ट बुचाचं हवं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर लिटरभराचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. रेलमधून निघालेलं पेट्रोल आपण ज्यात धरतो ती थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली त्या यादीत नाही. कायदा घरी दुरुस्ती करू नका म्हणत नाही. पेट्रोल कशात आणि किती ठेवायचं ते सांगतो, आणि तेवढं ऐकणं मला रास्त वाटतं.

मामांनी जागेचा मुद्दा सोडला. कसबाचा सोडला नाही, आणि सोडायला नकोच होता.

मामा : बरं. गेटच्या बाहेर, भिंतीलगत, सकाळी सहाला, ऊन यायच्या आधी. पावडरचा अग्निशामक सिलिंडर शेजारी. मोबाइल घरी. आता पुढचं सांगतो, चुकलं तर टोक. कनेक्टरांना एक ते चार नंबरच्या चिकटपट्ट्या लावणार. रेल उचलायच्या आधी इंजेक्टरांच्या बुडाशी साचलेली धूळ ब्रशनं आणि हवेनं काढणार, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाईल. मंग दोन बोल्ट, आणि रेल दोन्हीकडून सारखी, सरळ वर. वाकडी ओढली तर इंजेक्टर अडकते.

भाची : अगदी बरोबर. ओ-रिंग?

मामा : जुनी चांगली दिसली तर तीच. नाहीतर हार्डवेअरवाल्याकडे त्या मापाची मिळते.

भाची : इथेच सगळे फसतात मामाजी. माप एक असलं तरी रबर एक नसते. पाण्याच्या नळाची ओ-रिंग पेट्रोलमध्ये फुगते. इंधनाची लागते, विटॉनची, फ्लोरोरबर. एकदा दबून बसलेली जुनी पुन्हा लावायची नाही, प्रत्येक इंजेक्टरला वर एक खाली एक, आठही नव्या. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं, कोरडी ढकलली की काठावर कापली जाते. कापली गेलेली दिसत नाही. गाडी सुरू होते, छान चालते, आणि तासाभरानं गरम इंजिनावर ठिबकते.

ओ-रिंगवर ती जेवढा वेळ बोलली तेवढा बोल्टांवर बोलली नाही, आणि ते योग्यच होतं. दहा रुपयांच्या या कड्याचं महत्त्व आता वाढलं आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं सगळीकडे आलं. इथेनॉलचा सर्वांत मोठा आग्रह नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांचा, आणि २०१४ मध्ये इथेनॉलवरची बस धावली तीही नागपुरातच. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाचा विचार करून निवडलेले आहेत. मामांची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५ मध्ये म्हटलं, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं, इंजेक्टर धड असले तरी, बॉनेट उघडून रेलपाशी पेट्रोलचा वास येतो का ते अधूनमधून पाहावं असं मला वाटतं. त्याला पानाही लागत नाही.

भाची : आणि लावून झाल्यावर?

मामा : सेल्फ.

भाची : नाही. आधी चावी फक्त ऑन. पंप दोनेक सेकंद चालते आणि थांबते. बंद करा, पुन्हा ऑन, असं तीन-चार वेळा. रेलमध्ये दाब भरला की टॉर्च घेऊन आठही जागा पाहा. कोरड्या असतील तरच सेल्फ. ओली दिसली एकही, तर पुन्हा फ्यूज काढण्यापासून सुरू.

मामांनी हे लिहून घेतलं. फिटर माणूस, कागदावर क्रम नसेल तर त्याचं मन लागत नाही. मग मी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर दोघांनी वेगळं दिलं आणि तो मतभेद तसाच राहिला. मी विचारलं, हे माझ्यासारख्यानं करावं का?

मामा : करावं. पहिल्यांदा कोणासोबत उभं राहून करावं. हात लावल्याशिवाय शिकता येत नाही, आणि शिकला नाही तर जो येईल तो चार इंजेक्टर गळ्यात मारून जाईल.

भाची : तपासावं, जरूर. इथे झालं तेवढं सगळं. रेल उचलू नये. मामाजींना बोल्ट किती आवळायचा ते मनगट सांगते. तुम्हाला मनगट काही सांगणार नाही, तुम्ही जोर लावाल आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे उडवाल. मग सिलिंडर हेडचं काम निघेल. आणि कोड कोणत्या परीक्षेनं सिद्ध झाला एवढं विचारता आलं तरी गॅरेजवाला तुम्हाला चार इंजेक्टर विकणार नाही.

मला भाचीचं उत्तर माझ्यापुरतं बरोबर वाटतं, मामांचं माझ्या मुलांपुरतं.

वाद मिटला असं वाटत असतानाच मामांनी जावयाच्या गाडीचं नाव काढलं. ती डिझेलची, कॉमन रेलची. तीही थंडीत उशिरा सुरू होते, धूर टाकते. एक झाला की दुसराही आपणच करू, असं ते उत्साहानं म्हणाले, आणि भाचीचा आवाज पहिल्यांदाच चढला.

भाची : नाही. तिथे ना अंगणात, ना फूटपाथवर. तुमच्या रेलमध्ये तीन बार आहेत, त्या रेलमध्ये सोळाशे. आयडललाही अडीचशे-तीनशे असतात. पाइप किंचित सैल राहिला आणि गळते का म्हणून तुम्ही बोट फिरवलं, तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. सुई टोचल्यासारखं वाटते, रक्तही फारसं येत नाही, माणूस हात धुऊन कामाला लागते. आत डिझेल पसरत राहते. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट जाते, कधी हात जाते.

मामा : एवढं?

भाची : एवढं. टोचल्याचा संशय जरी आला तरी थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरला दाबाचा आकडा सांगायचा. दुसरं, तुमचा शतांश मिलिमीटर म्हणजे दहा मायक्रॉन. तिथे सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉन. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर बनतात, ज्याच्यावरून मायको सर्कल नाव पडलं आणि जो २००८ पासून बॉश झाला. तिथे धुळीवर जेवढं लक्ष ठेवतात तेवढं सदरच्या रस्त्यावर कसं ठेवणार? एक कण गेला की नवा इंजेक्टर गेला.

मामा : बसवायला नुसता पितळी वॉशर...

भाची : तांब्याचा. तो दर वेळी नवा, बसायची जागा कार्बन काढून चकचकीत, नाहीतर जळालेला वायू बाजूनं निघून काळा थर जमतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर हेडमध्येच अडकते. आणि बसवला तरी संपत नाही. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात मोजून त्याच्या अंगावर कोड छापतात. तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागते, नाहीतर डिझेलचं माप चुकते. म्हणजे शेवटी मशीन लागतेच.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना धोक्यापेक्षा मायक्रॉनच्या आकड्यानं पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी फिटरसारखाच प्रश्न विचारला.

मामा : मंग त्यातला कोणता खराब, हे तरी पाहता येईल का? परत जाणारं डिझेल मोजून? परतीच्या नळीत तर दाब नसते.

भाची : येते. चार सारख्या बाटल्या, चार नळ्या, ज्याची बाटली लवकर भरते तो आतून झिजलेला. हे करू आपण. गाडी बंद असताना नळ्या तुम्ही लावा, सेल्फ मी मारते. इंजिन चालू आहे तोवर बॉनेटच्या आत हात नाही, तुमचा नाही आणि माझाही नाही. बाटल्या लांबून पाहायच्या.

मामा : आणि माझ्या गाडीचं, रविवारी सहाला?

भाची : साडेपाचला. इंजेक्टर तुम्ही काढा, सोमवारी मोजून मी आणते. नवा लागला तर बिल घेऊन, खोक्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवून. आठ ओ-रिंगा तुम्ही उद्याच आणा, आणि दुकानात विचारा, विटॉनच्या आहेत का.